कडेला उभी असलेली गाडी

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'रस्ता' हा विषय दिला, तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते पिंपरी पेंढार. कल्याणहून निघालेला रस्ता माळशेज घाट चढतो, ओतूर मागे टाकतो आणि आळेफाट्याला पुणे-नाशिक रस्त्याला छेदून नगरकडे जातो. ओतूर आणि आळेफाट्याच्या मधलं, जुन्नर तालुक्यातलं हे गाव. आता त्याला राष्ट्रीय महामार्ग ६१ म्हणतात, पण गावाच्या तोंडी तो अजून 'कल्याण-नगर'च आहे. दोन्ही अंगाला ऊस आणि कांदा. संध्याकाळ झाली की शेतमालाच्या पिकअप आणि टेम्पो कांदा-भाजी भरून मुंबईच्या दिशेने तोंड करून उभे राहतात. बिबट्याच्या भीतीने अंधार पडल्यावर माणसं एकेकटी शिवारात जात नाहीत. बॅटरी, काठी आणि सोबत घेऊनच पाणी धरायला निघतात.

जुन्नर-आंबेगावच्या माणसासाठी हा रस्ता म्हणजे मुंबई. घरातला एक भाऊ वावरात आणि दुसरा मुंबईत, अशी इथल्या कित्येक कुटुंबांची शंभर वर्षांची वाटणी आहे. मुंबईतला भाऊ गिरणीत लागला, हमालीला लागला, भाजीच्या गाळ्यावर बसला किंवा डब्याच्या लाइनीवर गेला. मुंबईचे डबेवाले प्रामुख्याने जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ, मुळशी, अकोले या पट्ट्यातले. गावची यात्रा आली की मुंबईकर मंडळी याच रस्त्याने येतात आणि वर्गणीच्या यादीत त्यांची नावं वेगळी लागतात.

म्हणून मुंबईत काही झालं की ते इथे 'तिकडे' झालेलं नसतं. १२ मार्च १९९३ च्या शुक्रवारी मुंबईत स्फोटकांनी भरलेल्या गाड्या फुटल्या, तेव्हा या रस्त्यालगतच्या गावांत प्रत्येक वाडी-वस्तीवर कुणी ना कुणी आपला माणूस मोजत होतं. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण बहुतेक लिखाण कट करणाऱ्यांच्या मागे गेलं. मला पाहायचं होतं ते रस्त्यावरून: उभी असलेली साधी गाडी हत्यार कशी होते, ती तिथवर पोचते कशी, आणि तिला कोण अडवू शकलं असतं.

डबे पोचल्यानंतर

त्या दिवसाची वेळ समजून घ्यायची तर डबेवाल्यांचं घड्याळ पाहावं. सकाळी घरोघरचे डबे गोळा करायचे, स्टेशनवर त्यांची विभागणी करायची, लोकलच्या लगेज डब्यातून ते चर्चगेटला किंवा व्हीटीला आणायचे, आणि साडेबारा-एकपर्यंत जेवणाऱ्याच्या हाती द्यायचे. मग घटकाभर स्वतः दोन घास खायचे आणि रिकामे डबे उचलायला लागायचं. दीड वाजता फोर्ट आणि नरिमन पॉइंटचा सगळा परिसर जेवणाच्या सुट्टीत असतो. माणसं खाली उतरलेली, खाऊच्या गाड्यांभोवती गर्दी, पानवाल्याकडे घोळके.

त्या शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास मुंबई शेअर बाजाराच्या इमारतीच्या तळघरात उभी केलेली गाडी फुटली. शेअर बाजार तेव्हा संगणकावर आलेला नव्हता. सौदे रिंगणात उभं राहून, ओरडून, हाताच्या खुणांनी होत. आत व्यवहार ऐन भरात, बाहेर दलाल स्ट्रीटवर दुपारची गर्दी. तळघरातला दाब वर आला आणि उंच इमारतीच्या काचा खालच्या रस्त्यावर कोसळल्या. या एका ठिकाणी ८४ माणसं गेली. त्यांत दलाल होते, कारकून होते आणि शेअर म्हणजे काय हे ज्यांना कधी कळून घ्यावं लागलं नव्हतं असे रस्त्यावर पोट भरणारेही होते.

त्यानंतर दोन तास शहराचा एकेक कोपरा हादरत गेला. सव्वादोनच्या सुमारास काथा बाजार, म्हणजे धान्याच्या पेढ्या, हातगाड्या आणि पाठीवर पोती वाहणारे माथाडी. अडीचला दादरला शिवसेना भवनाजवळचा लकी पेट्रोल पंप. मग नरिमन पॉइंटला एअर इंडियाची इमारत, तिथे २० बळी. माहीमच्या कोळीवाड्यात हातबॉम्ब फेकले गेले. पावणेतीनच्या सुमारास वरळीचा सेंच्युरी बाजार. तीननंतर झवेरी बाजार, वांद्र्याचं सी रॉक हॉटेल, दादरचं प्लाझा थिएटर, जुहूचं सेंटॉर, सहार विमानतळ आणि शेवटी तीन चाळीसला विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल. अधिकृत नोंदीनुसार २५७ मृत्यू, ७१३ जखमी.

त्या पहिल्या तासाभरात शहराला हे कळलेलं नव्हतं की हे सगळं एकच आहे. शेअर बाजारातला आवाज अनेकांना वातानुकूलन यंत्राचा किंवा सिलिंडरचा स्फोट वाटला. दादरच्या माणसाला फोर्टची बातमी नव्हती, वरळीच्या माणसाला दादरची नव्हती. मोबाइल नव्हते. फोर्टातून सुटलेला माणूस घराकडे निघायचा आणि त्याच्या घराच्या वाटेवर पुढची गाडी उभी असायची.

वरळीचा बसथांबा

सर्वांत जास्त माणसं गेली ती सेंच्युरी बाजारला: ११३. अ‍ॅनी बेझंट रोडवर आज उभं राहिलं तर कानठळ्या बसवणारी वाहतूक, उंच काचेच्या इमारती आणि घाईची माणसं दिसतात. त्या वेळी इथे मध्यमवर्गीय खरेदीचं दुकान होतं, पलीकडे पासपोर्ट कार्यालय होतं आणि बसथांबा होता. शेअर बाजार आणि एअर इंडिया यांना देशाच्या पैशाची आणि प्रतिष्ठेची ठिकाणं म्हणून निवडलं, असं म्हणता तरी येतं. वरळीच्या या थांब्याला असा काही अर्थ नव्हता. तिथे गर्दी होती, एवढंच त्याचं महत्त्व. स्फोट झाला तेव्हा रस्त्यावरून जाणारी बेस्टची बस माणसांनी भरलेली होती.

जखमींना हलवायला रुग्णवाहिका किती पुरणार? टॅक्सी, टेम्पो, हातगाड्या, जे मिळेल त्यात माणसं घातली गेली. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर, जे. जे., जी. टी., सेंट जॉर्जेस ही सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं त्या दुपारी एकाच वेळी भरली. रक्त द्यायला लोकांनी रांगा लावल्या. दोन महिन्यांपूर्वीच्या दंगलीत याच शहरात माणसं नाव विचारून मारली गेली होती. त्या रांगेत मात्र रक्ताचा गट विचारत होते. हे मला सांगावंसं वाटतं, कारण कटाचा हेतू नेमका याच्या उलटा होता.

आळेफाट्याचा एसटीडी बूथ

आता त्या संध्याकाळी घाटाच्या वर काय होत असेल, याचा विचार करा. गावात टेलिफोन मोजके. आळेफाटा, ओतूर, नारायणगाव इथे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ नुकते फोफावू लागलेले. संध्याकाळी दूरदर्शनच्या मराठी बातम्या लागल्या तेव्हा ज्यांच्या घरी टीव्ही होता तिथे अंगण भरलं. बातमीत ठिकाणांची नावं येत होती: फोर्ट, दादर, वरळी, झवेरी बाजार. ही नावं जुन्नरच्या माणसाला परकी नव्हती. आपला माणूस कोणत्या लाइनीवर डबे टाकतो, कोणत्या बाजारात पाठीवर पोती वाहतो, कोणत्या मंडईत गाळा लावतो, हे घरच्या बाईला तोंडपाठ असतं. प्रत्येक नावावर एकेका घराचा श्वास अडकत होता.

गावातल्या वयस्क मंडळींशी त्या दिवसाविषयी बोललं की तपशील पुसट होतात, पण एक गोष्ट सगळ्यांना आठवते: वाट पाहणं. बूथवरची रांग, न लागणारा ट्रंक कॉल, लागला तर दुसऱ्या टोकाला शेजाऱ्याच्या दुकानाचा फोन आणि 'बोलावतो, थांबा' म्हणून गेलेला माणूस. रात्री उशिरा कल्याणकडून येणारी एसटी फाट्यावर थांबली की तिच्यातून कोण उतरतं याकडे लागलेल्या नजरा. मुंबईहून आलेल्या प्रत्येकाला अडवून विचारणं, 'आमचा दिसला का?' एवढ्या मोठ्या शहरात कोण कुणाला दिसणार? पण विचारल्याशिवाय राहवत नाही.

गाडीबॉम्बची ही बाजू आकड्यांत येत नाही. रस्त्याने जोडलेल्या शेकडो गावांत त्या रात्री दिवे जळत राहिले. ज्यांची माणसं सुखरूप होती त्यांनाही ते कळायला दोन-दोन दिवस लागले.

हत्यार म्हणून गाडी

मोटारीचा बॉम्ब म्हणून वापर मुंबईत जन्मला नाही. १६ सप्टेंबर १९२० ला न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटवर भरदुपारी एक घोडागाडी उभी करून ठेवलेली होती. ती फुटली आणि तीसहून अधिक माणसं मेली. जागा देशाच्या पैशाच्या केंद्राची, वेळ जेवणाची, वाहन कुणाच्या डोळ्यात न भरणारं: पुढच्या शतकातल्या सगळ्या गाडीबॉम्बचा आराखडा त्यात दिसतो.

बंडखोरीच्या काळात हे हत्यार पुन्हा पुन्हा उचललं गेलं. उत्तर आयर्लंडमध्ये २१ जुलै १९७२ ला बेलफास्ट शहरात तास-दीड तासात वीसच्या आसपास बॉम्ब फुटले. त्यांतले बरेच मोटारींत ठेवलेले. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवटीविरुद्धच्या लढ्यात २० मे १९८३ ला प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर हवाई दलाच्या मुख्यालयासमोर मोटार फुटली. १९ मृत्यू, दोनशेहून अधिक जखमी. लक्ष्य लष्करी होतं, पण वेळ कचेऱ्या सुटायची होती. रस्त्याने जाणारी साधी माणसंही मेली. श्रीलंकेतल्या यादवीत २१ एप्रिल १९८७ ला कोलंबोच्या पेट्टा बसस्थानकाजवळ गाडी फुटली, शंभराहून जास्त माणसं गेली. तीही घरी निघालेली, बसची वाट पाहणारी. आपल्याकडे आसामात ३० ऑक्टोबर २००८ ला, दिवाळी नुकती सरली असताना, गुवाहाटी, कोक्राझार, बारपेटा रोड आणि बोंगाईगाव इथे स्फोट झाले आणि ऐंशीहून अधिक जीव गेले. गुवाहाटीत त्यासाठी मोटारी वापरल्या होत्या. त्या प्रकरणात बोडो बंडखोर संघटनेचा नेता रंजन दैमारी याला २०१९ मध्ये जन्मठेप झाली.

या सगळ्या ठिकाणी मागण्या वेगळ्या, इतिहास वेगळे. त्यांतल्या काही मागण्यांमागचा अन्याय अगदी खराही होता. पण हत्याराचा स्वभाव एकच. बंदूकधारी माणसाला समोरचा चेहरा दिसतो. गाडी उभी करून निघून जाणाऱ्याला कुणाचाच चेहरा पाहावा लागत नाही. थांब्यावर त्या क्षणी कोण उभं असेल, हे त्याला ठाऊक नसतं आणि ठाऊक करून घ्यायचंही नसतं. शिवाय शहराचं रोजचं चालणं ज्या भरवशावर उभं आहे, तोच भरवसा तो वापरतो. कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीकडे आपण संशयाने पाहू लागलो तर शहर एक दिवसही चालणार नाही. न पाहता पुढे जाणं हीच शहराची सोय आहे, आणि मारेकरी त्याच सोयीत आपला बॉम्ब ठेवतो.

मुंबईत तेव्हा बेलफास्टसारखी वर्षानुवर्षांची बंडखोरी नव्हती. पण पार्श्वभूमी राजकीयच होती. ६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबरात आणि पुन्हा जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या, ९०० माणसं मेली, त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने दंगली आणि नंतरचे स्फोट यांच्यातला कारणसंबंध आपल्या अहवालात नोंदवला. त्या संबंधाकडे डोळेझाक करणं चूक, आणि त्याने स्फोटांचं समर्थन होतं असं मानणंही तितकंच चूक. सूड म्हणून जे केलं, त्यात बसथांब्यावरच्या माणसाचा अपराध काय होता?

गोंडघर फाट्यावरची रात्र

गाड्या मुंबईत फुटल्या, पण त्यांच्या पोटातला माल रायगडच्या किनाऱ्यावरून आला. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला समुद्रातून माल उतरवला गेला. शेखाडीच्या लँडिंगांतून आरडीएक्स, बंदुका आणि हातबॉम्ब आले. ही किनारपट्टी चांदी-सोन्याच्या तस्करीची जुनी वाट. कटातल्या टायगर मेमनसारख्या तस्करांची इथल्या काही अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षांची देवघेव होती. किती माल, कोणत्या रात्री, कुणाला किती, याचा ठरलेला रिवाज होता.

दिघीहून निघालेल्या मालाच्या गाड्या गोंडघर फाट्यावर श्रीवर्धनच्या पोलिसांनी अडवल्या. अडवल्या, हे महत्त्वाचं आहे. म्हणजे यंत्रणा जागी होती. रात्र होती, गाड्या होत्या, आत संशयास्पद माल होता आणि समोर वर्दीतली माणसं होती. पण पुढे झाली ती घासाघीस. रक्कम ठरली, ती पूर्ण हाती नव्हती म्हणून तारण म्हणून चांदीच्या विटा ठेवून घेतल्या आणि गाड्या सोडून दिल्या. पुढे न्यायालयात हे सगळं सिद्ध झालं. श्रीवर्धनच्या त्या पोलिसांतल्या उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली. सीमाशुल्क खात्यातले अधिकारीही दोषी ठरले आणि तेव्हाचे अतिरिक्त सीमाशुल्क आयुक्त एस. एन. थापा यांनाही जन्मठेपेची शिक्षा झाली.

त्या फाट्यावरून सुटलेल्या गाड्यांतलाच माल वरळीला फुटला, असं नाही. पण त्या रात्री त्या गाड्या रिकाम्या करून पाहिल्या असत्या तर तस्करीची ही वाट जानेवारीतच उघडी पडली असती. फेब्रुवारीतलं लँडिंग कदाचित झालंच नसतं. या अधिकाऱ्यांपैकी अनेकांना वाटलं असेल की नेहमीसारखीच चांदी आहे, आपण फक्त नेहमीसारखे पैसे घेतोय. लाच घेणाऱ्याची चूक इथेच असते. तो पैसे घेतो ते न पाहण्याचे, आणि एकदा न पाहायचं ठरलं की आत काय आहे हे ठरवायचा हक्क त्याच्याकडे उरत नाही.

माझ्या मते या संपूर्ण घटनेतला हा सर्वांत मोठा धडा आहे, आणि तोच आपण सर्वांत कमी शिकलो. देशाबाहेर बसलेल्या सूत्रधारांचा राग करणं सोपं आहे आणि रास्तही आहे. पण त्यांचा हात आपल्या दारापर्यंत पोचला तो इथल्या फाट्यांवरून.

सोडून दिलेली मारुती

उलट, तपास सुरू झाला तो कुणीतरी पाहिलं म्हणून. १२ मार्चलाच वरळीला सीमेन्स कारखान्याजवळ एक मारुती व्हॅन बेवारस उभी असल्याचं लक्षात आलं. आत एके-५६ रायफली आणि हातबॉम्ब निघाले. गाडीच्या नोंदणीवरून पोलीस माहीमच्या अल हुसैनी इमारतीतल्या टायगर मेमनच्या कुटुंबापर्यंत पोचले. घर बंद होतं. कुटुंब स्फोटांआधीच देश सोडून गेलं होतं. घराच्या झडतीत एका स्कूटरची किल्ली मिळाली. न फुटलेल्या स्कूटरपैकी एक दादरच्या नायगाव क्रॉस रोडवर उभी सापडली होती. किल्ली तिलाच लागली. एक किल्ली आणि एक कुलूप, एवढ्यावरून घर आणि स्फोटकं जोडली गेली.

तपासात मुंबई पोलिसांचं नेतृत्व तेव्हा वाहतूक शाखेत उपायुक्त असलेल्या राकेश मारिया यांच्याकडे आलं. वाहतुकीच्या खात्याचा माणूस गाड्यांच्या नोंदीवरून कटाकडे जातो, यात मला मोठा अर्थ दिसतो. न फुटलेल्या स्कूटर निकामी करणाऱ्या बॉम्बशोधक पथकाच्या माणसांची तर आपण आठवणही काढत नाही. त्या स्कूटर फुटल्या असत्या तर मृतांचा आकडा कुठे गेला असता?

दहा वर्षांनी, २५ ऑगस्ट २००३ ला, गेटवे ऑफ इंडिया आणि मुंबादेवीजवळ झवेरी बाजार इथे टॅक्सी फुटल्या आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. त्या वेळीही तपासाला वाट मिळाली ती एका टॅक्सीचालकामुळे. गेटवेला गाडी लावून तो जेवायला गेला होता, म्हणून वाचला. आपल्या गाडीत बसलेले प्रवासी कसे होते, काय बोलले, त्यांनी काय सामान ठेवलं, हे त्याला नीट आठवत होतं. त्या साक्षीवर पुढे तिघांना शिक्षा झाली. दिवसभर शेकडो माणसं वाहणाऱ्या चालकाने ते चेहरे लक्षात ठेवले, म्हणून न्याय झाला.

शहर पेटलं नाही

तेव्हा मुख्यमंत्री असलेले शरद पवार पदावर येऊन जेमतेम आठवडा झाला होता. त्या रात्री दूरदर्शनवर बोलताना त्यांनी स्फोटांच्या ठिकाणांत, तिथे स्फोट झाला नसतानाही, मशीद बंदर या मुस्लिम वस्तीचं नाव मुद्दाम घेतलं. स्फोट फक्त हिंदूंच्या भागात झाले असं लोकांना वाटू नये, दंगल पुन्हा पेटू नये, यासाठी आपण ते केल्याचं त्यांनी नंतर स्वतः जाहीरपणे सांगितलं. मुख्यमंत्र्याने जनतेला असत्य सांगावं का, हा प्रश्न गंभीर आहे. पण जानेवारीतल्या जळत्या मुंबईला दोन महिनेही झाले नव्हते, हे ध्यानात घेतलं तर त्या निर्णयामागची भीती कळते. शहर पेटलं नाही. सोमवारी शेअर बाजार पुन्हा उघडला. लोकल धावत होत्या, डबे पोचत होते.

यालाच पुढे 'मुंबई स्पिरिट' असं नाव पडलं आणि प्रत्येक हल्ल्यानंतर ते वापरून वापरून गुळगुळीत झालं. जुन्नरच्या माणसाला विचारा, तो दुसऱ्या दिवशी डबे घेऊन का निघाला. त्याच्या महिन्याच्या कमाईवर गावाकडची चूल, मुलांची फी आणि विहिरीच्या मोटरचं बिल अवलंबून होतं. तो न निघाला असता तर पगारदार माणूस उपाशी राहिला असता आणि त्याचं स्वतःचं घरही. त्याच्या निघण्यात धैर्य होतं, पण त्याला पर्याय नव्हता हेही खरं आहे. त्याच्या धैर्याचं कौतुक करणाऱ्या शहराने त्याच्या सुरक्षेचा विचार मात्र फार कमी केला.

बावीस वर्षं आणि त्यापुढे

खटला दहशतवादविरोधी 'टाडा' कायद्याच्या विशेष न्यायालयात, आर्थर रोड तुरुंगाच्या आवारात चालला. सरकारी बाजू उज्ज्वल निकम यांनी मांडली. ६८४ साक्षीदार तपासले गेले. २००६-०७ मध्ये न्यायमूर्ती प्रमोद कोदे यांनी १२३ आरोपींपैकी १०० जणांना दोषी ठरवलं. २१ मार्च २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने टायगरचा भाऊ याकूब मेमन याची फाशी कायम केली आणि फाशी सुनावलेल्या इतर दहा जणांची शिक्षा जन्मठेपेत बदलली. ३० जुलै २०१५ ला याकूबला नागपूरच्या कारागृहात फाशी देण्यात आली. २०१७ मध्ये खटल्याच्या दुसऱ्या टप्प्यात गुंड अबू सालेमसह सहा जण दोषी ठरले. मुख्य सूत्रधार दाऊद इब्राहिम आणि टायगर मेमन मात्र कधीच या न्यायालयात उभे राहिले नाहीत.

प्रिटोरियाच्या स्फोटाचं पुढे काय झालं, हे इथे आठवतं. वर्णभेदी राजवट संपल्यावर तिथल्या सत्य आणि सलोखा आयोगासमोर त्या स्फोटाची जबाबदारी घेणारी माणसं आली, आणि ज्यांनी डोळे, हात, माणसं गमावली तेही समोर बसले. तशी वाट सगळीकडे शक्य नाही, आणि मुंबईचा कट तर सुडाच्या नावाने केलेली निखळ हत्या होती. पण ज्यांनी कट रचला त्यांना समोर पाहण्याचा, त्यांना 'का' असं विचारण्याचा अधिकार मुंबईच्या पीडितांना मिळालाच नाही. बावीस-तेवीस वर्षांत साक्षीदार म्हातारे झाले, जखमींच्या जखमा भरल्या नाहीत, आणि काहींना निकाल ऐकायलाही मिळाला नाही. उशिरा मिळणाऱ्या न्यायाचं ओझं तारखांना जाण्यासाठी रोजगार बुडवणाऱ्या माणसावर सर्वांत जास्त पडतं. रोजावर पोट असलेल्या घराला ते ठाऊक असतं.

आज आपण कसं पाहतो

आज मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या इमारतीत, मॉलमध्ये, तळघरात गाडी न्यायची तर रखवालदार डिकी उघडायला लावतो, दांड्याला लावलेला आरसा गाडीखालून फिरवतो. मी अशा दारांपाशी मुद्दाम थांबून पाहिलं. आरसा फिरतो, पण अनेकदा नजर फिरत नाही. त्याच्या मागे गाड्यांची रांग असते, हॉर्न वाजतात, मालक लोक वैतागतात. त्याला बारा-बारा तासांची पाळी, तुटपुंजा पगार, आणि नेमकं काय शोधायचं याचं प्रशिक्षण जवळजवळ नाही. तो गरीब घरचा, बहुधा खेड्यातून आलेला मुलगा. आपण त्याच्या हातात आरसा दिला आणि तपासणी झाली असं समजलो.

समुद्रकिनाऱ्यावरही तेच. २६ नोव्हेंबर २००८ ला मारेकरी पुन्हा समुद्रावाटेच मुंबईत उतरले, म्हणजे १९९३ ने शिकवलेला धडा पंधरा वर्षांत पुरता शिकलो नव्हतो. त्यानंतर सागरी पोलीस ठाणी वाढली, गस्ती नौका आल्या. पण नौकेवर डिझेल आहे का, माणूस आहे का, आणि त्या माणसावर वरून दबाव तर नाही ना, यावरच शेवटी सगळं ठरतं.

पिंपरी पेंढारला मी बिबट्याविषयीही बोलत होतो. तिथल्या शेतकऱ्यांना धोका न दिसता जगण्याची सवय आहे. त्यांनी शेती सोडली नाही, रस्ता सोडला नाही. ते एकट्याने जात नाहीत, एकमेकांना हाक मारत जातात, नवीन ठसा दिसला की लगेच वन खात्याला आणि शेजारच्या वस्तीला कळवतात. भीतीने सगळ्यांवर संशय घेणं आणि जागरूक राहणं, यांत किती अंतर आहे हे मला तिथे कळलं. संशयाने शहरं तुटतात. १९९३ नंतर मुंबईत कितीतरी माणसांना केवळ नावावरून भाड्याने घर मिळेनासं झालं, वस्त्या वेगळ्या झाल्या. त्यामुळे एकही गाडी अडली नाही. उलट, शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला, आणि शेजाऱ्यांचं बोलणं थांबलं की बेवारस गाडीही कुणाच्या लक्षात येत नाही.

म्हणून गाडीबॉम्बवरचा उपाय केवळ यंत्रात नाही. फाट्यावरच्या हवालदाराला सन्मानाने जगता येईल असा पगार आणि वरिष्ठांच्या दबावापासून मोकळीक. बंदरावरच्या, किनाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांच्या मालमत्तेची खरी चौकशी. तळघराच्या दाराशी उभ्या असलेल्या पोराला प्रशिक्षण आणि त्याने गाडी अडवली तर त्याच्या पाठीशी उभा राहणारा मालक. साक्षीदाराला संरक्षण आणि खटल्याला मुदत. हे सगळं कंटाळवाणं आहे, त्यावर भाषणं होत नाहीत. पण १९९३ चा प्रत्येक दुवा तपासला तर तो याच ठिकाणी तुटलेला सापडतो. आणि जिथे जोडला गेला, तिथे कुणीतरी साध्या माणसाने आपलं काम नीट केलं होतं: बेवारस व्हॅन पाहिली, चेहरा लक्षात ठेवला, स्कूटरमधला बॉम्ब हाताने निकामी केला.

सूत्रधारांना पकडणं हे सरकारचं काम, आणि ते सरकारने करायलाच हवं. पण पुढची गाडी अडवणं हे रस्त्यावरच्या माणसाचं काम आहे, आणि ते त्याला करता यावं अशी व्यवस्था उभी करणं हे आपल्या सगळ्यांचं. मुंबईच्या रस्त्यावर मेलेल्या २५७ माणसांपैकी बहुतेकांना आपलं गाव होतं, कुणीतरी वाट पाहणारं होतं. त्यांचं आपण देणं लागतो ते एवढंच की यापुढे कुठल्याही फाट्यावर, कुठल्याही रात्री, कुणीही न पाहण्याचे पैसे घेऊ नयेत. आणि ज्याने ते नाकारले, त्याला एकटं पडू देऊ नये.